शब्दांवाचून नाट्यपद : पेटीवरील एकल वादनाच्या आनंदाची मीमांसा
(ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

मराठी संगीत रंगभूमीचा विचार करताना समीक्षेने नाटककार, गायक नट आणि संगीत दिग्दर्शक या तिघांची दखल पुरेशा गांभीर्याने घेतली आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'पासून (१८८०) 'कट्यार काळजात घुसली'पर्यंतच्या (१९६७) वाटचालीवर विपुल लेखन झाले आहे. अशोक दा. रानडे यांच्यासारख्या संगीतशास्त्रज्ञाने नाट्यसंगीताला स्वतंत्र संगीतकोटीचा दर्जा देऊन त्याची चिकित्सा केली. तथापि नाट्यपद केवळ गायले गेले नाही, ते वाजवलेही गेले. रंगमंचासमोर बसून साथ करणाऱ्या पेटीवादकाने तेच पद घरी, मित्रांच्या बैठकीत, गणेशोत्सवाच्या मांडवात आणि पुढे ध्वनिमुद्रिकेवर एकट्याने वाजवले. या एकल वादनाला श्रोतेही लाभले आणि त्यांची आवड अनेक दशके टिकून राहिली. या आवडीचे स्वरूप काय, हा प्रश्न मात्र समीक्षेत क्वचितच उपस्थित झाला आहे.

प्रश्न वरवर साधा दिसतो. पेटीवर पद वाजते तेव्हा त्यात शब्द नसतात, अभिनय नसतो, नाट्यप्रसंग नसतो. ज्या तीन घटकांमुळे नाट्यपद हे 'नाट्य'पद ठरते ते तिन्ही वजा झालेले असतात. तरीही श्रोता सुखावतो आणि समेवर दाद देतो. मग तो नेमके काय ऐकतो? पेटीवरील नाट्यपद ही गायनाची दुय्यम नक्कल नसून तो स्वतंत्र आविष्कार आहे, आणि त्याचा आनंद वाद्याच्या मर्यादा व श्रोत्याची स्मृती या दोहोंच्या संयोगातून निर्माण होतो, हे प्रस्तुत लेखाचे गृहीतक आहे. ते तपासण्यासाठी अमेरिकेतील रॅगटाइम या पियानोसंगीताशी मर्यादित तुलना केली असून, ठाणे व कल्याण-डोंबिवली या परिसरातील परंपरेच्या आधारे तिच्या आजच्या स्थितीचा विचार केला आहे.

रॅगटाइम : तुलनेचा आधार

रॅगटाइम हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील कृष्णवर्णीय संगीतकारांच्या हातून घडलेले पियानोसंगीत. स्कॉट जॉप्लिन हा त्याचा अग्रगण्य रचनाकार. त्याची 'मेपल लीफ रॅग' ही रचना १८९९ मध्ये मिसुरी राज्यातील सेडेलिया या गावच्या जॉन स्टार्क या प्रकाशकाने छापली आणि तिच्या छापील स्वरलिपीचा घरोघरी प्रसार झाला. या संगीताची घडण थोडक्यात अशी सांगता येईल : डावा हात खर्जातील स्वर आणि त्यापाठोपाठ स्वरसमूह अशा क्रमाने एकसारखी, न ढळणारी चाल राखतो, तर उजवा हात ठरलेल्या आघाताच्या आधी किंवा नंतर स्वर टाकून त्या चालीशी खेळतो. शिस्त आणि खोडी एकाच वादकाच्या दोन हातांत नांदतात. रचना सामान्यतः सोळा-सोळा मात्राखंडांच्या चार भागांची असते. भागांची पुनरावृत्ती होते आणि दुसऱ्या भागानंतर बहुधा पहिला भाग पुन्हा परततो.

त्या काळी प्रतिष्ठित संगीतवर्तुळाने रॅगटाइमला हलके, दिवाणखान्यात न शोभणारे संगीत ठरवले. पुढे जॅझच्या लाटेत ते मागे पडले. जॉप्लिन १९१७ मध्ये निवर्तला, तेव्हा त्याच्या 'ट्रीमोनिशा' या संगीतिकेला रीतसर रंगमंचही लाभला नव्हता. परंतु १९७० मध्ये जोशुआ रिफ्किन या पियानोवादकाने जॉप्लिनच्या रचनांची ध्वनिमुद्रिका काढली, १९७३ च्या 'द स्टिंग' या चित्रपटाने त्या सुरावटी जगभर पोहोचवल्या आणि १९७६ मध्ये जॉप्लिनला मरणोत्तर विशेष पुलित्झर सन्मान मिळाला. अर्धशतकाच्या विस्मृतीनंतर एखादे संगीत पुन्हा जिवंत झाले, कारण ते कागदावर जसेच्या तसे उपलब्ध होते.

पेटीवरील नाट्यपद आणि रॅगटाइम यांत साम्याचे तीन धागे दिसतात. दोन्हींचे वाद्य पट्ट्यांचे आणि स्थिर स्वरांचे आहे. दोन्हींचा बहर साधारणपणे एकाच काळातील आहे. 'मेपल लीफ रॅग' १८९९ ची, तर 'मानापमान' १९११ चे. दोन्हींना 'लोकप्रिय म्हणून हलके' हा शिक्का सोसावा लागला. भेदही तितकाच मूलभूत आहे. रॅग मुळातच शब्दविरहित आणि लिखित आहे. नाट्यपद मुळात शब्दबद्ध आहे आणि त्याचे वादन प्रामुख्याने कानावर व स्मरणावर चालत आले आहे. हा भेद पुढील विवेचनात निर्णायक ठरतो.

पेटी आणि मराठी रंगभूमी

हार्मोनियम हे मूळचे युरोपीय वाद्य. अलेक्झांडर देबँ याने १८४२ मध्ये पॅरिसमध्ये त्याचा स्वामित्वहक्क घेतला. भारतात आल्यावर पायाने भाता चालवायची पायपेटी आणि नंतर मांडी घालून वाजवता येईल अशी हातपेटी प्रचारात आली. हातपेटीच्या घडणीत कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांचा वाटा मोठा आहे. बैठकीच्या संगीताला जुळणारे आणि उचलून नेता येणारे हे वाद्य महाराष्ट्रातील नाटक मंडळ्या, कीर्तनकार व भजनी मंडळे यांनी लवकरच आपलेसे केले.

या स्वीकारामागे सोय होती, तसेच एक सामाजिक कारणही होते. सारंगी मानवी कंठाच्या अधिक जवळची. पण कोठी आणि कलावंतिणींशी जोडली गेल्यामुळे पांढरपेशा मध्यमवर्गाने तिला घरात घेतले नाही. पेटीवर असा कोणताही पूर्वेतिहास लादलेला नव्हता. पेटीच्या प्रसारामुळे सारंगीवादकांचे क्षेत्र आकुंचित झाले, हे पेटीच्या गौरवगाथेत सहसा नोंदले जात नाही. आणखी एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी कृ. प्र. खाडिलकरांच्या 'मानापमान'ला चाली दिल्या, तेव्हा ठुमरी, दादरा, कजरी अशा उत्तरेकडील गानप्रकारांचा त्यांनी मुक्तहस्ते उपयोग केला. म्हणजे ज्या गायिकांच्या साथीची सारंगी मध्यमवर्गाने नाकारली, त्यांच्याच चाली पेटीच्या मार्गाने त्याच्या माजघरात पोहोचल्या. रॅगटाइम ज्यांनी घडवले त्यांना समाजाने दूर ठेवले आणि त्यांचे संगीत मात्र घरोघरच्या पियानोवर वाजत राहिले, त्या घटनेशी याचे काही अंशी साम्य आहे.

टेंबे स्वतः प्रथम पेटीवादक होते आणि नंतर रचनाकार. 'मानापमान'च्या अनेक चालींची ठेवण बोटांना सुखावणारी आहे, याचे एक कारण येथे शोधता येते. 'किर्लोस्करी' काळातील साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत या वृत्तबद्ध चालींत शब्दाचा उच्चार प्रमुख आणि स्वर त्याचा वाहक असे. 'मानापमान' आणि त्यानंतर भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांनी संगीत दिलेले 'स्वयंवर' (१९१६) यांत स्वराला स्वतःचे अंगण मिळाले. शब्द बाजूला ठेवला तरी उरेल एवढे संगीत पदात आले. शब्दांवाचून नाट्यपद वाजवणे शक्य झाले ते या टप्प्यावर. पुढे पी. मधुकर यांनी ध्वनिमुद्रिकांच्या द्वारे एकल पेटीवादन घराघरांत नेले. त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८), रंगभूमीवरील असंख्य पदे मुखोद्गत असलेले गोविंदराव पटवर्धन (१९२५–१९९६), ख्यालगायनाच्या साथीत श्रेष्ठत्व पावलेले आप्पा जळगावकर (१९२२–२००९) आणि या वाद्याला 'संवादिनी' हे नाव देऊन त्याच्या एकल वादनाचा ध्यास घेणारे मनोहर चिमोटे यांनी आपापल्या परीने वाद्याच्या शक्यता विस्तारल्या. पु. ल. देशपांडे यांच्यासारख्या लेखकाने पेटीवर केलेले प्रेम सर्वश्रुत आहे. 'पेटी वाजवणे' ही सुशिक्षित मराठी माणसाची अभिमानाने सांगण्याजोगी हौस झाली, त्यात त्यांचाही वाटा आहे.

आनंदाची घडण

पेटीवरील नाट्यपदाचा आनंद तीन घटकांत विभागून पाहता येतो.

पहिला घटक परतीचा. नाट्यपदाचे ध्रुपद, त्यातून सुटणाऱ्या आलापी-ताना, अंतरा आणि पुन्हा मुखडा अशी पदवादनाची सर्वसाधारण रूपरेषा असते. तानेतून मुखडा पकडून समेवर येणे हा हिंदुस्थानी संगीताचा सर्वपरिचित आनंद आहे. ख्यालात मुखडा हा विस्ताराचा आधार असतो, तर नाट्यपदात मुखडा हाच ऐकणाऱ्याचा लाडका असतो. तो जितक्यांदा परततो तितका अधिक आपला वाटतो. गंधर्व नाटक मंडळीच्या प्रयोगांतील 'वन्स मोअर'ची प्रथा याच मनोवृत्तीतून आलेली. जॉप्लिनच्या रचनेत पहिला भाग दुसऱ्यानंतर पुन्हा येतो तेव्हा श्रोत्याला मिळणारे समाधान याच जातीचे म्हणता येईल. परिचितापासून दूर जाऊन परिचिताकडे परत येणे, एवढ्या छोट्या वर्तुळात हा आनंद पूर्ण होतो.

दुसरा घटक आघात चुकवण्याचा. भारतीय तालशास्त्राने गीत आणि ताल यांच्या आरंभबिंदूंच्या संबंधाला 'ग्रह' म्हटले आहे. समेवरच उठणारा तो समग्रह, समेच्या पुढे-मागे उठणारे ते अतीत आणि अनागत. रॅगटाइममधील आघातांची उलथापालथ आणि अतीत-अनागत ही एकच गोष्ट नव्हे. पण अपेक्षित क्षणाला हुलकावणी देऊन त्या क्षणाची जाणीव तीव्र करणे हे दोन्हींचे कार्य समान आहे. तबल्यावर त्रितालाचा किंवा केरव्याचा ठेका स्थिर चालू असतो आणि पेटीवादक मुखड्याचा पहिला स्वर किंचित उशिरा टाकतो, किंवा शब्दाचे मूळ वजन जेथे होते तेथे मुद्दाम मोकळी जागा सोडतो. त्या रिकाम्या क्षणी श्रोता सावध होतो. बा. सी. मर्ढेकरांनी लयीचे म्हणून जे संवाद, विरोध आणि समतोल हे तीन नियम मांडले, त्यांचे इतके सुटसुटीत उदाहरण अन्यत्र क्वचित सापडेल. ठेक्याशी संवाद, ठेक्याला विरोध आणि समेवरचा समतोल अशी ती साखळी आहे.

येथे दोन वाद्यांतील एक भेद बोधक ठरतो. रॅगटाइममध्ये पियानोवादकाचा डावा हात काळ मोजतो. पेटीवादकाचा डावा हात भाता चालवतो. काळ मोजण्याचे काम तबल्याकडे गेल्यामुळे पेटीचा डावा हात श्वासाचे काम करू लागतो. भात्यावरील दाब वाढला की स्वर भरीव होतो आणि सैल सोडला की निःश्वासासारखा विरतो. पदातील चरण कोठे संपतो, गायक नट कोठे दम घेत असे, हे जाणकार वादक भात्याने दाखवतो. म्हणूनच उत्तम पेटी ऐकताना 'पेटी गाते' असे श्रोते सहजपणे म्हणतात.

तिसरा घटक पूर्तीचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. पेटीवर मींड निघत नाही. दोन पट्ट्यांच्या मधला स्वर तिच्याजवळ नाही. वादक कणस्वर लावतो, एक पट्टी पूर्ण सुटण्याआधी दुसरी दाबून दोन स्वरांची कड जुळवतो, भात्याने जोड लपवतो. तरीही खरी मींड निर्माण होत नाही, तिचा आभास होतो. हा आभास पूर्णत्वाला जातो श्रोत्याच्या मनात, कारण मूळ पदातील मींड त्याच्या कानात आधीपासून असते. शब्दांचेही तसेच आहे. 'स्वयंवर'मधील यमन किंवा बिहागातील पद पेटीवर सुरू झाले की जाणता श्रोता मनातल्या मनात शब्द म्हणू लागतो. वादक सुरावट पुरवतो, श्रोता शब्द पुरवतो, आणि पद दोघांच्या मध्ये कोठेतरी घडते. गायनाच्या मैफलीत श्रोता ग्रहण करतो. पेटीवरील पद ऐकताना तो एका अर्थी सहगायक होतो. गाता गळा नसलेल्या माणसाला हा सहभाग विशेष प्रिय असावा. पेटीची उणीव म्हणून जे सांगितले जाते, तेच या सहभागाचे प्रवेशद्वार आहे.

आक्षेप आणि त्यांचे मूल्यमापन

पेटीवरील आक्षेपांचा इतिहास पेटीइतकाच जुना आहे. तिचे बारा स्वर समान अंतरांनी विभागलेले, त्यामुळे रागसंगीतातील सूक्ष्म स्वरस्थाने तिच्यात बसत नाहीत, हा त्यातील मुख्य आक्षेप. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ब्रिटिश न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम घडवण्याचा प्रयत्न केला. १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत श्रुतींच्या या मांडणीवर वाद झडला आणि विष्णु नारायण भातखंडे यांना ती मान्य झाली नाही. पुढे मार्च १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. त्या वेळी लायोनेल फील्डन हे आकाशवाणीचे प्रमुख होते. रवींद्रनाथ ठाकूर यांच्यासारख्यांचाही या वाद्याला विरोध होता. १९७१ मध्ये ही बंदी शिथिल होईपर्यंत तीन दशके हे वाद्य नभोवाणीवरून हद्दपार राहिले.

या बंदीचा परिणाम द्विविध झाला. एकीकडे वादकांचे मोठे नुकसान झाले. शासकीय माध्यमाने अपात्र ठरवलेल्या वाद्याला स्वतंत्र कलावाद्याची प्रतिष्ठा मिळणे दुरापास्त होते. दुसरीकडे, ज्या काळात आकाशवाणीने पेटी नाकारली त्याच काळात नाट्यगृहात, ध्वनिमुद्रिकांवर आणि घरगुती बैठकांत ती जोमाने वाजत राहिली. मान्यतेवाचून केवळ श्रोत्यांच्या आवडीवर एखादी परंपरा तीस वर्षे तग धरते, तेव्हा त्या आवडीच्या मुळाशी केवळ सवय आहे असे म्हणता येत नाही.

श्रुतिविषयक आक्षेपाबद्दल भेद करणे आवश्यक आहे. ख्यालाच्या साथीत गायकाचा गांधार आणि पेटीचा गांधार जुळला नाही तर कानाला खटकते; तेथे आक्षेप रास्त आहे. म्हणूनच अनेक वादक आपली पेटी ठरावीक षड्ज धरून गांधार पद्धतीने लावून घेतात. एकल पदवादनात मात्र शेजारी दुसरा कंठ नसतो. पेटीचे स्वर आपापसांत एक सुसंगत जग निर्माण करतात आणि श्रोत्याचा कान त्या जगाशी जुळवून घेतो. त्यामुळे 'अचूक श्रुती' हा साथीचा निकष एकल वादनाला यांत्रिकपणे लावणे समीक्षादृष्ट्या योग्य ठरत नाही.

ठाणे व कल्याण-डोंबिवली : परंपरेचा एक प्रदेश

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास पोहोचली आणि पुढल्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. या मार्गाने पुढील शतकात गिरगाव-दादरकडील मध्यमवर्ग टप्प्याटप्प्याने ठाणे, डोंबिवली व कल्याण येथे स्थिरावला. त्याने आपल्याबरोबर जे सांस्कृतिक सामान आणले त्यात नाटकवेड होते आणि पेटीही होती. या परिसराकडे मुंबईच्या सांस्कृतिक जीवनाची पडछाया म्हणून पाहण्याची सवय आहे. नाट्यसंगीताच्या बाबतीत मात्र ती दिशाभूल करणारी ठरते.

१९२६ मध्ये स्थापन झालेला कल्याण गायन समाज ही या परिसरातील जुनी संगीतसंस्था. संस्थेचा देवगंधर्व महोत्सव भास्करबुवा बखले यांच्या स्मृतीशी निगडित आहे. बखल्यांचे शिष्य मास्टर कृष्णराव आणि मास्टर कृष्णरावांकडे शिकलेले पं. राम मराठे (१९२४–१९८९) अशी परंपरा पाहिली तर 'स्वयंवर'च्या संगीताचा एक धागा थेट ठाण्यापर्यंत येतो, कारण राम मराठे यांचे वास्तव्य ठाण्यात होते. विद्याधर गोखले यांच्या 'मंदारमाला'ला (१९६३) त्यांनी संगीत दिले आणि त्यात भूमिकाही केली. त्या नाटकातील अहिरभैरवातील पद आजही पेटीवादकांच्या आवडीचे आहे. ठाणे महानगरपालिकेने त्यांच्या नावे संगीत महोत्सव चालवला असून, १९७८ मध्ये उभ्या राहिलेल्या गडकरी रंगायतनाने या नाट्यप्रेमाला हक्काची वास्तू दिली. कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर यांनी तेच कार्य पुढच्या स्थानकांवर केले.

ठाण्याचेच डॉ. विद्याधर ओक हे या परंपरेतील एक विचारप्रवर्तक नाव. व्यवसायाने वैद्यक क्षेत्रातील डॉ. ओक हे गोविंदराव पटवर्धन यांचे शिष्य. त्यांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली. षड्ज व पंचम अचल ठेवून उरलेल्या दहा स्वरांची प्रत्येकी दोन स्थाने खटक्यांच्या साह्याने उपलब्ध करून देणारी ही योजना आहे. देवल-क्लेमेंट्स यांनी जो प्रश्न हाती घेतला त्याचे हे अधिक व्यवहार्य उत्तर म्हणावे लागेल. रागसंगीताच्या साथीसाठी आणि श्रुतिविचाराच्या अध्यापनासाठी त्याचे मोल निर्विवाद आहे. परंतु पदवादनाच्या आनंदाचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही, कारण तो मुळात श्रुतीच्या अभावातून उद्भवलेला नाही. खुद्द गोविंदराव पटवर्धन यांच्या वादनाने रसिकांची पिढी तृप्त झाली ती साध्या बारा स्वरांच्या पेटी-ऑर्गनवर, ही बाब गुरु-शिष्यांच्या या जोडीकडे पाहताना नजरेआड करता येत नाही.

या परिसराचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे येथील हौशी वादक. दिवसभर मुंबईत नोकरी करून संध्याकाळच्या गाडीने परतणारा, रविवारी पेटी उघडणारा वादक ही येथील परंपरेची खरी वाहक शक्ती राहिली आहे. त्याच्या वादनाला बिदागी नसते. शेजारच्या खोलीतील घरची माणसे आणि दोन-चार मित्र हे त्याचे श्रोते. समीक्षा मैफलीच्या कलावंताकडे पाहते, त्यामुळे हा वादक तिच्या कक्षेत येत नाही. पण रॅगटाइमची छापील पाने ज्यांनी विकत घेतली ते घरगुती पियानोवादकच होते आणि त्यांच्याचमुळे ते संगीत अर्धशतक पेट्यां-कपाटांत का होईना, टिकले. वाजवण्याचा आनंद ऐकण्याच्या आनंदापेक्षा अधिक चिवट असतो, असे अनुमान यावरून काढता येते.

आजचा पेच

वर मांडलेल्या तीन घटकांपैकी परत आणि आघात हे स्वरतालाच्या घडणीत आहेत. ते कोणत्याही संवेदनक्षम श्रोत्याला उपलब्ध राहतील. तिसरा घटक, म्हणजे श्रोत्याने शब्द पुरवण्याचा, स्मृतीवर अवलंबून आहे. जुन्या नाटकांचे प्रयोग विरळ होत गेले तशी पदे मुखोद्गत असलेल्या श्रोत्यांची संख्या घटत जाणार, हे उघड आहे. ज्याने ते पद कधी ऐकलेच नाही त्याच्यासाठी पेटीवरील पद ही केवळ एका रागातील छोटी गत उरते. गायनाला शब्द सोबत घेऊन जाता येतात. पेटीला येत नाहीत. म्हणून नाट्यपदांच्या विस्मृतीचा पहिला फटका गायकाला नव्हे, तर पेटीवादकाला बसतो.

या पेचावर तीन प्रतिसाद दिसतात. पहिला स्मरणरंजनाचा : दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांतून तीच ती मोजकी पदे पुन्हा पुन्हा वाजवणे. त्यातून टाळ्या मिळतात, पण शेकडो पदांचा साठा दहा-वीस पदांवर येतो. दुसरा हुबेहूबपणाचा : ध्वनिमुद्रिकेतील प्रत्येक हरकत तशीच वाजवणे. विद्यार्थिदशेत ही शिस्त आवश्यक आहे; ध्येय म्हणून मात्र ती अपुरी, कारण तिच्यात आघात चुकवण्याचे स्वातंत्र्य उरत नाही. तिसरा गतीचा : पदाला तानांच्या वेगाची कसरत बनवणे. स्पर्धांच्या वातावरणात हा प्रतिसाद बळावणे स्वाभाविक आहे. जॉप्लिनने आपल्या छापील रचनांवर त्या जलद वाजवू नयेत अशी सूचना आवर्जून दिली होती, याचे येथे स्मरण होते. वेग वाढला की मोकळी जागा नाहीशी होते, आणि मोकळी जागा गेली की श्रोत्याला शब्द घालायला अवसर राहत नाही. त्याचा सहभाग संपतो, कौतुक तेवढे उरते.

पुनरुज्जीवनाची शक्यता पाहता रॅगटाइमचे उदाहरण आशा आणि इशारा दोन्ही देते. ते संगीत परत आले, कारण कागद टिकला होता. नाट्यपदांच्या मूळ चालींची स्वरलिपी आणि ध्वनिमुद्रणे काही प्रमाणात उपलब्ध आहेत. परंतु पेटीवादकाची स्वतःची भाषा, म्हणजे भात्याचा दाब, कणांची जागा, सोडलेला अवकाश, ही स्वरलिपीत उतरलेली नाही. ती गुरूकडून शिष्याकडे आणि शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे गेली. हे हस्तांतर एका पिढीत खंडित झाले तर अर्धशतकानंतर कोणी रिफ्किन आला तरी त्याच्या हाती चाल लागेल, वादन लागणार नाही.

निष्कर्ष :

१. पेटीवरील नाट्यपदाचे एकल वादन हा गायनाचा पर्याय नसून स्वतंत्र आविष्कार आहे. परत, आघातांचा खेळ आणि श्रोत्याने केलेली पूर्ती हे त्याच्या आनंदाचे तीन घटक होत.

२. वाद्याच्या मर्यादा हे या आनंदाचे कारणच आहे. श्रुतींची अचूकता हा साथीचा निकष एकल पदवादनाच्या मूल्यमापनासाठी पुरेसा नाही.

३. बंदीच्या काळात ही परंपरा हौशी वादकांनी आणि घरगुती श्रोत्यांनी तारली. ठाणे व कल्याण-डोंबिवली हा परिसर अशा परंपरेच्या अभ्यासासाठी महत्त्वाचे क्षेत्र आहे.

४. या आनंदाचा एक घटक सामूहिक स्मृतीवर आधारलेला असल्याने, पदांचे शब्द विसरले जाणे हा पेटीवादनापुढील खरा धोका आहे. म्हणून पेटी शिकवताना पदाची केवळ सुरावट न देता ते पद प्रथम म्हणायला शिकवणे, आणि परिसरातील ज्येष्ठ हौशी वादकांचे वादन त्यांच्या निवेदनासह ध्वनिमुद्रित करणे, ही दोन कामे महाविद्यालयीन मराठी व संगीत विभागांना संयुक्तपणे हाती घेता येतील.

पद येणारा श्रोता समोर आहे तोवरच वादकाने सोडलेली मोकळी जागा बोलकी राहते. त्या श्रोत्याच्या जोपासनेचा विचार केल्याशिवाय पेटीच्या भवितव्याचा विचार पूर्ण होणार नाही.